चाळीसचा दिवा

आमच्या माडीच्या मधल्या भिंतीला छताजवळ एक चौकोनी भोक होतं आणि त्या भोकात विजेचा एकच दिवा टांगलेला होता. भिंतीच्या अलीकडे एक खोली, पलीकडे दुसरी. एका दिव्यात दोन्ही खोल्या भागवायच्या, ही अप्पा सोहनींची योजना. रत्नागिरीत वीज येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. झाडगावातल्या आमच्या मालकांनी हौसेनं ती घेतली, माडीला निराळं मीटर बसवलं आणि बिल तुमचं तुम्ही बघा म्हणून मोकळे झाले. आम्ही चौघे भाडेकरू दोन दिवस त्या मीटरकडे नुसते बघत होतो. तिसऱ्या दिवशी अप्पा सुताराला घेऊन आले. भिंत कुडाची, त्यामुळे भोक पडायला वेळ लागला नाही, पण पुढे आठवडाभर आमच्या अंथरुणांत माती सापडत होती.

"दोन खोल्यांना दोन दिवे घेतले असते तर?" मी विचारलं.

"तर दोन दिव्यांचं बिल आलं असतं," अप्पा म्हणाले. त्यांना यात विनोद करायचा नव्हता.

दुसरं महायुद्ध व्हायचं होतं, त्याआधीची ही गोष्ट. मी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. अप्पा दिवाणी कचेरीत नक्कलनवीस, माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. आम्ही दोघे एका खोलीत. पलीकडच्या खोलीत सुर्वे, ते बंदरावर आगबोटीच्या मालाच्या वखारीत कारकून, आणि दाते, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. चौघांचीही घरं गावाकडे. जेवायला खानावळ आणि झोपायला माडी. आता नातवंडं विचारतात, आजोबा, तुमचं तरुणपण कसं गेलं? काय सांगायचं त्यांना? दिव्याखाली वह्या तपासत गेलं. आणि त्या दिव्याचे कारभारी अप्पा होते.

अप्पा बुटके, अंगानं सुकलेले. काळी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली असायची, दिव्याची झळ थेट डोळ्यांवर येऊ नये म्हणून. दर रविवारी सकाळी ते स्टुलावर चढून दिवा काढीत आणि धोतराच्या सोग्यानं पुसून पुन्हा लावीत. "धूळ उजेड खाते आणि बिल मात्र पुरं येतं," असं स्टुलावरूनच सांगत. उजेड कुठं सगळ्यात चांगला पडतो ती जागा त्यांनी जमिनीवर खडूनं आखली होती. संध्याकाळी तिथं कोणी किती वेळ बसायचं हेही ठरवून दिलं होतं. सुर्व्यांच्या वर्तमानपत्राला अर्धा तास, माझ्या वह्यांना एक तास, दात्यांना काही वाचायचं नसे, म्हणून त्यांनी आपला वेळ अप्पांना देऊन टाकला होता. बिलाचे मात्र चार सारखे वाटे. महिनाअखेर अप्पा सर्वांना समोर बसवून ते करीत आणि एक पै इकडची तिकडे होऊ देत नसत. एकदा सुर्वे पंधरा दिवस गावाला होते. आपला वाटा कमी देतो म्हणाले, तर अप्पांनी शांतपणे विचारलं, "तुमची खोली पंधरा दिवस काळोखात होती का? पेटीला उजेड होता ना तुमच्या?" सुर्व्यांनी पैसे दिले, पण पेटीचा उजेड पुढे महिनाभर गाजत राहिला.

अप्पांचे डोळे जात होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा धरला होता. आम्हा तिघांना ते ठाऊक होतं आणि कचेरीत ते कुणाला कळता कामा नये, हे चौघांनाही ठाऊक होतं. पुरी पेन्शन मिळायला त्यांना सवा वर्ष राहिलं होतं. त्याआधी डोळ्यांपायी घरी बसले असते तर हातात तुकडाच पडला असता. राजापूरजवळच्या त्यांच्या गावी बायको आणि पायानं अधू असलेला मोठा मुलगा होता. दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. ऑपरेशन करून घ्या म्हणून दाते त्यांच्या मागे लागायचे. पण अप्पांच्या चुलतभावाचा डोळा तशाच ऑपरेशनमध्ये गेला होता, त्यामुळे ते काही ऐकत नसत.

"अजून पिकला नाही तो," ते म्हणायचे. "आंबा कच्चा काढतो का आपण? पेन्शन झाली की पिकेल, मग काढू."

कचेरीतलं त्यांचं काम म्हणजे खरेदीखतं, गहाणखतं, निकाल यांच्या नकला करणं. तीस वर्षं तेच केल्यामुळे कागदातली ठरीव भाषा त्यांच्या हातातच बसली होती. "सदरहू मिळकतीवर माझा अगर माझ्या वालीवारसांचा काही एक हक्क राहिला नाही" हे लिहायला त्यांना कागदाकडे बघावं लागत नसे. अडचण यायची ती नावांची आणि आकड्यांची. त्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. शेजारच्या कारकुनाशी गप्पा मारत, "अहो, हे पावसकडचे का हो?" असं म्हणून कागद पुढे सरकवायचा. तो बिचारा नाव वाचून सांगायचा. अप्पांना माणसांच्या ओळखींची फार हौस, असं साऱ्या कचेरीचं मत होतं. तरी दिवसभरात चार कागद राहायचेच. ते अप्पा छत्रीच्या कापडात गुंडाळून माडीवर आणीत. कचेरीतला कागद बाहेर नेणं म्हणजे नोकरीवर बेतायचं काम. पण आमच्या दिव्याखाली, खडूच्या खुणेवर बसून, नाक कागदाला टेकवलं की त्यांना अक्षर दिसायचं. म्हणून तो दिवा चाळीस वॅटचा होता. सुर्व्यांचं म्हणणं पहिल्यापासून होतं की पंचवीसचा पुरेल.

"ह्यो दिवा हाय का बंदरावरची बत्ती?" ते पलीकडून ओरडायचे. "अप्पा, आम्हास्नी काय आगबोट धक्क्याला लावायची नाय!"

अप्पा कागदावरून नाक उचलत नसत. सुर्वेही चाळीसचाच वाटा द्यायचे आणि वर कधी बंदरावरून चार बांगडे आणले तर, अप्पा खात नसत म्हणून, त्यांच्यासाठी शहाळं आणायचे. माणूस तोंडाचा फटकळ होता इतकंच.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वारा सुटला आणि वीज गेली. कंदिलात तेल नव्हतं. वीज आल्यापासून कंदिलाकडे कोण बघणार? अप्पांसमोर एका बागेच्या खरेदीखताची नक्कल अर्धी होऊन पडली होती आणि ती सकाळी द्यायची होती. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "शेवटचा भाग आहे, चतुःसीमा. मघाशी वाचलीय मी." आणि त्यांनी अंदाजानं चार ओळी लिहून टाकल्या. ओळी सरळ आल्या होत्या, अक्षर नेहमीसारखं मोत्यांचं. फक्त उत्तरेला पाणंद आणि दक्षिणेला शेजाऱ्याचं कुंपण होतं, ते त्यांनी उलटं लिहिलं. पक्षकार काही गप्प बसणारा नव्हता. तो कागद घेऊन कचेरीत येऊन भांडला. कचेरीतले वरचे अधिकारी शिरस्तेदार, त्यांनी अप्पांना बोलावून घेतलं.

त्या संध्याकाळी अप्पा जेवायला आले नाहीत. आम्ही परत आलो तर दिवा न लावता बसले होते.

"काय म्हणाले?" दात्यांनी विचारलं.

"म्हणाले, सोहनी, तीस वर्षांत पहिली चूक, म्हणून सोडतो. दुसरी झाली तर सिव्हिल सर्जनकडे डोळे तपासायला पाठवीन." मग म्हणाले, "वाईट नाहीत हो शिरस्तेदार. मला बसायला खुर्ची दिली त्यांनी."

त्यानंतर अप्पा थकलेच. आधीही थकलेले होते, पण आता ते लपवायची शक्ती राहिली नाही. प्रत्येक नक्कल दोनदा तपासत, मग मला देत. "मास्तर, वह्या झाल्या की एवढं एकदा बघा." मी बघायचो. खरं सांगतो, कंटाळून बघायचो. पन्नास पोरांची शुद्धलेखनं तपासल्यावर कुणाच्या तरी पडवीची आणि परसाची लांबीरुंदी तपासायला कुणाला उत्साह असतो? पण अप्पा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी "बरोबर आहे" म्हटलं की त्यांचे खांदे खाली यायचे. असे आठ-नऊ महिने गेले. पेन्शनला साडेपाच राहिले होते.

शिमग्याला अप्पा पंधरा दिवसांची रजा काढून गावी गेले. त्यांच्या वाडीवर पालखी यायची आणि घरातला मुलगा अधू, म्हणून नारळ द्यायला त्यांनाच जावं लागे. निघताना त्यांनी मला मीटरपाशी नेलं. जिन्याखाली काळोख असायचा. एरवी आकडे मी वाचायचो आणि तेच आकडे अप्पा पुन्हा मोठ्यानं म्हणायचे, जणू त्यांनीच वाचले. त्या दिवशी म्हणाले नाहीत. "आता दिव्याचं तुमच्याकडे, मास्तर," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून राजापूरच्या सर्व्हिस मोटारीकडे गेले.

पुढचं लिहिताना मला माझाच राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो.

मला कारभार मिळाला होता आणि तो चांगला करून दाखवायची खुमखुमी होती. अप्पांना बिल खाली आणायचा किती ध्यास, हे मी बघत आलो होतो. सुर्वे पंचवीस, पंचवीस करत होतेच. मी बाजारात जाऊन पंचवीसचा दिवा आणला आणि चाळीसचा कागदात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवला. शिमग्यापुरता म्हणूनच लावला होता. पहिल्या संध्याकाळी जरा मंद वाटला, दुसऱ्या दिवशी डोळ्यांना सवय झाली, आठ दिवसांत मी तो विसरलोही. काचेचा गोळा तसाच, तार तशीच, भोक तेच. अप्पा परत आले तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या. मी त्यांना म्हणणार होतो, महिनाअखेरीला बिल आलं की बघा कशी गंमत करतो. पण गंमत आधी सांगितली तर ती गंमत कसली, म्हणून तेही म्हटलं नाही.

अप्पा आल्या दिवशी संध्याकाळी कागद घेऊन खुणेवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी टोपी काढली. मग कागद दिव्याच्या आणखी जवळ धरला. मग उठून भिंतीला टेकून उभे राहून वाचायला लागले. मी वह्यांत होतो.

"मास्तर, आज काही वारा-पाऊस आहे का हो?"

"चैत्रात कुठला पाऊस, अप्पा?"

"नाही, सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून दिवा पुसला. वार रविवार नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला वह्या उरकायच्या होत्या. सुर्वे नवीन दिव्याबद्दल खूश होते, पण ते अप्पांसमोर दिव्याचं नाव काढत नसत, कारण इतक्या दिवसांनी आपलं ऐकलं गेलं तर आता उगाच खपली कशाला काढा, असं त्यांना वाटलं. अप्पांनीच पंचवीसचा कबूल केला असं ते समजत होते. दात्यांचं दिव्याकडे कधी लक्षच नव्हतं. तीन माणसं एका खोलीएवढ्या अंतरावर होती आणि एकानंही अप्पांना सांगितलं नाही.

अप्पांनी आपल्याकडून सगळं करून पाहिलं. पहाटे उठून पूर्वेच्या खिडकीत बसले. आंघोळीच्या आधी गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. दात्यांकडून कसलं तरी औषध आणून डोळ्यांत घातलं. मला नकला तपासायला देणं मात्र त्यांनी बंद केलं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. पुढे कळलं, नकला पुऱ्याच होत नव्हत्या, तर तपासायला देणार काय?

आल्यानंतर अठराव्या दिवशी अप्पा दुपारीच माडीवर आले. शनिवारची अर्धी शाळा म्हणून मी होतो. त्यांनी टोपी खुंटीला लावली, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि खुणेवर न बसता माझ्या खाटेवर बसले. हातपाय सैल सोडून, लांबचं चालून आलेला माणूस बसतो तसे.

"संपवून आलो, मास्तर."

"काय संपवलं?"

"शिरस्तेदारांना स्वतः जाऊन सांगितलं. म्हटलं, दुसरी चूक होईपर्यंत थांबू नका. मला दिसत नाही. शिमग्याआधी दिव्याला दिसत होतं, आता दिव्यालाही दिसत नाही. डोळे एकदम गेले हो, पंधरा दिवसांत. सिव्हिल सर्जननी काल तपासलं. नोकरी सोडायचा अर्ज आज पुढे गेला. साडेचार महिने राहिले होते, पण कुणाची चतुःसीमा चुकवून पेन्शन खायची म्हणजे काही बरं नाही ना?"

मी काय केलं? ट्रंक उघडली, कागदाची गुंडाळी सोडली, स्टुलावर चढलो आणि दिवा बदलला. घाईत पंचवीसचा खाली पडून फुटला. खिडक्या लावून घेतल्या आणि बटण दाबलं. अप्पांना खुणेवर बसवून समोर शाळेची एक वही धरली, कुणाची होती देव जाणे.

अप्पांनी नाक वहीला टेकवलं. मग हळूहळू वाचलं, "माझा आवडता प्राणी गाय. गाईला दोन शिंगे असतात." पुढे वाचलं नाही. वही मिटून माझ्याकडे दिली.

मी सगळं सांगितलं. दिवा, पंचवीस, ट्रंक, गंमत. सांगताना मला रडू येत होतं आणि आपण रडतोय याचीही लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. "आत्ता जाऊ शिरस्तेदारांकडे," मी म्हणालो. "मी येतो बरोबर. मी सांगतो त्यांना काय झालं ते."

"काय सांगणार? की सोहनीला चाळीसच्या दिव्याला दिसतं, पंचवीसच्याला दिसत नाही?" अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आणि कचेरीतले कागद रात्री माडीवर असतात, हेही सांगणार? डॉक्टरनी पडदा बघितला, मास्तर. तो काही तुमच्या दिव्यानं धरला नाही."

"पण साडेचार महिने निघाले असते."

"निघाले असते," अप्पा म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, माझ्यासाठीसुद्धा नाही. मग म्हणाले, "दिवा घालवा. दुपारचा कशाला जाळता?"

अर्ज मंजूर व्हायला बारा दिवस लागले. त्या दिवसांत अप्पा संध्याकाळी लवकर झोपत आणि सकाळी उशिरा उठत. इतकी वर्षं त्यांना झोप पुरलीच नसावी. सुर्व्यांना सगळं कळल्यावर ते दोन दिवस माडीवर आलेच नाहीत, वखारीतच झोपले. मग येऊन अप्पांची ट्रंक बांधून द्यायला बसले आणि दोरीच्या गाठींवर गाठी मारत राहिले. "अप्पा, माझ्या जिभेला काय हाड हाय काय," एवढंच काय ते बोलले.

निघायच्या दिवशी आम्ही तिघे त्यांना सर्व्हिस मोटारीवर पोचवायला गेलो. ऊन रणरणत होतं. मोटारीत आंब्याच्या करंड्या चढत होत्या, म्हणून सुटायला वेळ होता. अप्पा खिडकीपाशी बसले. आत गवताचा आणि आंब्याचा वास कोंडला होता. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"मास्तर, महिना संपला ना? बिल आलं का?"

"आलं."

"किती कमी?"

मला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "असू दे ना, अप्पा."

"दिव्याचं काम तुमच्याकडे दिलं होतं, तेव्हा विचारणार मी. किती?"

"आठ आणे."

"म्हणजे प्रत्येकी दोन." त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "माझे द्या."

मी सुर्व्यांकडे बघितलं. ते पाठ फिरवून करंड्या मोजल्यासारखं करत होते. मी खिशातून दोन आणे काढले आणि अप्पांच्या तळहातावर ठेवले. ते डोळ्यांपाशी नेऊन बघतील असं मला वाटलं. पण त्यांनी बघितलं नाही. अंगठ्यानं त्या चौकोनी नाण्याच्या कडा चाचपल्या, चारी कोपरे लागले, दोन आणेच आहेत याची खात्री झाली, तेव्हा मान हलवली. मोटार सुरू होऊन हादरायला लागली. अप्पा धोतराच्या कनवटीला ते नाणं बांधत होते. गाठ नीट बसली की नाही हे ते बोटांनी पुन्हा पुन्हा बघत होते, आणि मोटार वळणावर जाईपर्यंत त्यांनी वर बघितलंच नाही.